इग्नाझ सेमेलवाइस
हंगेरीतील बुडा येथे १८१८ साली जन्मलेले सेमेलवाइस १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात साहाय्यक वैद्य झाले. तेथे दोन प्रसूतिकक्ष होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात वैद्यकाचे विद्यार्थी. ह्या दुसऱ्या कक्षात सूतिकाज्वराने कितीतरी अधिक माता दगावत. आपणांस तेथे पाठवू नये म्हणून स्त्रिया पाया पडत! नवल हे, की रस्त्यातच प्रसूत होऊन आलेल्या स्त्रिया बहुधा बचावत. उलट ज्यांच्या वेणा लांबत व ज्यांची तपासणी वारंवार होई, त्यांना ज्वर हटकून गाठी.

१८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून तशाच विकाराने वारले आणि कोडे उलगडले. शवविच्छेदन करून आलेले हातच विष वाहून नेत होते. त्यांत सेमेलवाइसांचेही हात होते. मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जुलैत शेकडा १ च्या आसपास उतरले.

रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते. आपल्याच हातांनी रुग्ण मरतात, हे अनेक मान्यवर वैद्यांना रुचले नाही. १८६५ च्या ऑगस्टमध्ये, वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून सेमेलवाइस वारले.