अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

सुरतजवळचे कामरेज एके काळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे. १९०६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मात्र ही सक्ती वयाच्या सातव्या वर्षापासून होती. त्याआधीचे मूल सर्वस्वी घरच्यांच्या स्वाधीन असे; त्याच्या शिक्षणाचा विचार करण्याची कोणास गरज वाटत नसे. माणूस घडतो तो नेमका याच वर्षांत, हे ओळखून त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांत ताराबाई मोडक अग्रभागी होत्या.

प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. विवाहानंतर अमरावतीत थाटलेला संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. लहान मुलीची जबाबदारी पेलत त्यांनी राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराने त्यांना आयुष्याची दिशा दिली. मारिया माँटेसरी यांच्या विचारांवर चालणाऱ्या या बालमंदिरात धाक नव्हता, छडी नव्हती. मूल स्वतःच्या हातांनी वस्तू हाताळी, चुके आणि शिके. भीती गेली की जिज्ञासा जागी होते, हे ताराबाईंनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

दादरचा प्रयोग यशस्वी झाला, तरी त्याचा लाभ शहरी, सुस्थितीतील मुलांनाच होत होता. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणार कशी? या प्रश्नाने त्यांना १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, गुजरातच्या सीमेलगतच्या बोर्डी गावी नेले. अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. बिया निवडता निवडता मूल आकार व संख्या ओळखू लागले. गटात खेळताना थांबणे, वाटून घेणे शिकू लागले.

वारली पाड्यांवरची मुले तरीही शाळेत येईनात. कुणी गुरे राखी, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळी. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही; शाळाच पाड्यावर, घरापुढच्या अंगणात नेली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकारास आली. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित राहिले, म्हणून थोरली बहीण वर्गात बसू शकली.

१९६२ मध्ये पद्मभूषण लाभलेल्या ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. दोनच वर्षांनी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. आज गोव्यातील वाड्यावाड्यांवरही अंगणवाड्या भरतात. तेथे मुलाला खाऊ मिळतोच. पण निर्धास्तपणे खेळायला, बोलायला आणि चुकायला मिळते का, हे पाहणे म्हणजेच ताराबाईंचे कार्य पुढे नेणे होय.