दोन मैल लांबीचे चित्र

दादासाहेब फाळके हे नाव उच्चारले की पुढची माहिती आपल्या तोंडून आपोआप येते. भारतीय चित्रपटाचे जनक, राजा हरिश्चंद्र, ३ मे १९१३. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हमखास गुण मिळवून देणारी ही माहिती सर्वांना पाठ असते, आणि ती पाठ असल्यामुळेच त्या माणसाकडे पुन्हा एकदा वळून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही.

मलाही कदाचित वाटले नसते. परंतु गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाचे काम माझ्याकडे आले. या कामात चित्रपट निवडणे हा सर्वांत सोपा भाग. पडदा ताणून बांधणे, खिडक्यांना काळे कापड लावणे, सतरंज्या अंथरणे, आणि मुख्य म्हणजे त्या सतरंज्यांवर माणसे आणून बसवणे, हे खरे काम. ज्याच्या त्याच्या खिशात आता स्वतंत्र पडदा आहे. मग सभागृहात चार तास आधी येऊन कशाला बसावयाचे, हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारीत असे. उत्तर शोधता शोधता मी फाळक्यांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. चित्रपट निर्माण करणारे फाळके आपल्याला ठाऊक आहेत. तो लोकांना एकत्र बसवून दाखवण्यासाठी पायपीट करणारे फाळके मला त्या वाचनात भेटले. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. १८८५ मध्ये मुलगा जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम असे हाती लागेल ते शिकत राहिला. गोध्र्याला त्याने छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगने पत्नी व मूल दोन्ही नेली. त्यानंतरच्या काळात त्याने केलेल्या एका उद्योगाकडे चरित्रकार जाता जाता पाहतात. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. एका जर्मन जादूगाराकडून फाळके जादूचे प्रयोग शिकले. आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते हे प्रयोग करीत. समोर बसलेल्या माणसाचे डोळे कोठे वळवावयाचे, तो केव्हा श्वास रोखतो आणि केव्हा कंटाळतो, हे पुस्तकातून शिकता येत नाही. प्रेक्षक म्हणजे काय, याचा पहिला धडा फाळक्यांनी चित्रपटाच्या कितीतरी आधी गिरवला होता.

मधल्या वर्षांची हकीगत थोडक्यात सांगतो. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई घरात आल्या. पुरातत्त्व खात्यातील नोकरी आली व स्वदेशीच्या लाटेत गेली. लोणावळ्यास आणि नंतर दादरला छापखाना निघाला, रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रे यांसाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी झाली, कीर्ती झाली, भागीदारांशी बिनसले आणि फाळके हात झटकून बाहेर पडले. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीचे होते.

अशा रिकाम्या दिवसांत, १९११ च्या सुमारास, धाकट्या वयाच्या भालचंद्राला घेऊन ते गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर जिवंत प्राणी हिंडताना पाहिल्याचे मुलाने घरी सांगितले, तर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या घरादाराला घेऊन गेले. ईस्टरचे दिवस होते, म्हणून त्या दिवशी येशू ख्रिस्ताचे चरित्र दाखवण्यात आले. ते पाहत असता आपले राम-कृष्ण पडद्यावर केव्हा येतील, हा विचार त्यांच्या मनात आला, हे सर्वश्रुत आहे. पण त्या विचाराच्या आधी काय घडले, तेही पाहावे. एकट्याने पाहिलेले घरच्यांना पटत नाही म्हणून त्यांनी घर उचलून चित्रपटाला नेले. फाळक्यांच्या पुढच्या आयुष्याची रीत या एका गोष्टीत मला दिसते.

मुंबईला चित्रपट तसा नवा नव्हता. ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखवली गेली होती. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत तंबूंतून व नाट्यगृहांतून खेळ होत होते, पण चित्रे बहुतेक परदेशी. पुढचे वर्षभर फाळक्यांनी मिळेल तो चित्रपट पाहिला. रोज तासन् तास पाहण्याचा परिणाम असा झाला की डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, तेव्हा त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथे एका चित्रपट साप्ताहिकाच्या संपादकाने आधी त्यांना परावृत्त करून पाहिले आणि नंतर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेले. विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला कडेने भोके पाडण्याचे यंत्र यांची खरेदी करून फाळके एप्रिलमध्ये परतले.

परतल्यावर त्यांनी जे केले ते मंडळ चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावे असे आहे. भांडवल हवे होते, आणि बोलण्यावर कोणी पैसे देणार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करून अंकुराची वाढ टिपली. मग निवडक मंडळींना बोलावून ती त्यांना दाखवली. दाण्यातून कोंब निघतो आहे, वेल डोलत वर चढते आहे, हे मिनिट-दीड मिनिटाचे दृश्य पाहून कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडच्या कथापटाचे दार अशा चार माणसांच्या बैठकीत उघडले. उरलेली रक्कम सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी उभी केली. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडण्याचे कामही त्याच करीत, आणि पुढे चित्रण सुरू झाल्यावर साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही. आपण पुरस्काराला एकट्या दादासाहेबांचे नाव दिले. दोघांचे दिले असते तर अधिक न्याय झाला असता, असे माझे मत आहे.

तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले, ही कथा मी पुन्हा सांगत नाही. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लोकांसाठी खुला झाला. त्या दिवशी केवळ चित्रपट नव्हता. सोबत नृत्य, प्रहसन आणि पायांनी वस्तू झेलण्याची कसरत असा भरगच्च कार्यक्रम होता. नुसत्या चित्रासाठी माणसे येतील, याचा भरवसा मालकांना नव्हता. माणसे आली. मुंबईत खेळ २३ दिवस चालला.

खरी परीक्षा झाली ती सुरतेला. पहिल्या खेळाचे उत्पन्न तीन रुपये! तेथल्या प्रेक्षकांचा हिशेब सरळ होता. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक मिळते, मग तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कशाला पाहावयाचा? चित्रपट लांबवावा, असा सल्ला फाळक्यांना मिळाला. चित्रपट काही लांबवता येत नव्हता. त्यांनी जाहिरात लांबवली. सत्तावन हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि किंमत अवघी तीन आणे, अशा मतलबाचा मजकूर त्यांनी झळकवला. लोकांची रीघ लागली.

मी या जाहिरातीचे गणित मांडून पाहिले. राजा हरिश्चंद्राची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ बरोबर आहे. पण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. उरलेला सव्वा मैल प्रोफेसर केळफांचा! सुरतेच्या व्यापारी मनाला मापाची भाषा कळते, हे या ब्राह्मणाच्या मुलाने एका दिवसात ओळखले. आमच्या मंडळाची भित्तिपत्रके करताना मी चित्रपटाच्या कलात्मक मूल्यांवर परिच्छेद लिहीत असे. आता वेगळा विचार करतो.

शहरांतील चित्रगृहांवर फाळके थांबले असते, तरी इतिहासात त्यांचे नाव राहिले असते. ते बैलगाडीत बसले. गाडीत प्रक्षेपणयंत्र, गुंडाळलेला पडदा आणि रिळांचे डबे घालून ते गावोगाव जात. गावकरी जमिनीवर बसत, तिकिटाचे आणे-दोन आणे देत, आणि परतीच्या वाटेवर नाण्यांच्या वजनाने गाडी जड होई. मूकपटाचे यंत्र हाताने फिरवावयाचे असे, त्यामुळे आवाज असे तो यंत्राचा आणि माणसांचा. पडद्यावरच्या पाट्या ज्याला वाचता येत तो न येणाऱ्याला वाचून दाखवी. गोष्ट मात्र सर्वांना ठाऊक असे. कीर्तनात, दशावतारात, आजीच्या मांडीवर ती ऐकलेली असे. हरिश्चंद्र स्मशानात उभा राहील हे ज्याला आधीच माहीत आहे, त्यालाच तो प्रत्यक्ष उभा राहिलेला पाहून गहिवर येतो, आणि शेजाऱ्यालाही तो आलेला पाहून दुप्पट येतो. पौराणिक कथा निवडण्यात फाळक्यांची भक्ती होती, तसाच हा हिशेबही असला पाहिजे.

या तर्काचा पडताळा आम्हाला घेता आला. मंडळातर्फे त्यांचा १९१९ चा कालिया मर्दन दाखवला. शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट म्हणून मुले हसतील, उठून जातील, अशी धास्ती होती. सुरुवातीला हसली देखील. पण वसतिगृहाच्या भोजनगृहातील एक मावशी पुढे सतरंजीवर बसल्या होत्या, त्यांनी पुढे काय होणार ते शेजारच्या मुलींना मोठ्याने सांगावयास सुरुवात केली. मग मागच्या रांगांतूनही कोणी पाट्या वाचू लागले, कोणी कृष्णाच्या खोड्यांना दाद देऊ लागले. मूकपट मुका नव्हताच, हे मला त्या पाऊण तासात कळले. त्याचा आवाज प्रेक्षकांत होता.

१९१३ मध्येच फाळके नाशिकला आले. मोहिनी भस्मासुरात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला यांना आणून त्यांनी स्त्री-भूमिकांचा प्रश्न सोडवला. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले; तेथे वाहवा झाली, राहण्याचा आग्रह झाला, आणि ते परत आले. त्यानंतर महायुद्ध पेटले आणि भांडवलदारांनी हात आखडला. १९१७ च्या लंकादहनाने सारी भरपाई केली. गिरगावात सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत. पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक पायांतली पादत्राणे काढून ठेवीत. राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते, याने कोणाची श्रद्धा ढळली नाही. मद्रासेत जमलेली नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. त्याच वर्षी चित्रपट कसा तयार होतो यावरही त्यांनी एक छोटा चित्रपट काढला. जादूगार सहसा आपली जादू उलगडून दाखवीत नाही. फाळक्यांनी ती दाखवली.

व्यवहारात मात्र ते कच्चे होते, किंवा हट्टी होते. माझ्या मते दोन्ही. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, श्रीकृष्ण जन्म गाजला, आणि छापखान्याच्या वेळचीच कथा पुन्हा घडली. मतभेद झाले, फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तेथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, पुन्हा परतले. १९३१ मध्ये आलम आराने पडद्याला वाचा दिली. सेतुबंधन मूकपट म्हणून तयार होत होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा कोल्हापुरात केलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव संपूर्ण बोलपट आणि शेवटचाही. तोवर धंदा मोठा झाला होता, आणि बैलगाडीतून आलेल्या माणसाची त्याला गरज उरली नव्हती. १९३९ मध्ये मुंबईत चित्रव्यवसायाचा रौप्यमहोत्सव झाला. ज्या घटनेची पंचवीस वर्षे मोजली ती फाळक्यांची, पण त्या सुमारास नाशिकला त्यांची घडी विस्कटलेली होती. महायुद्धामुळे चित्रपटासाठी सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांनी तोही मागून पाहिला, नकार आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

शंभराच्या आसपास लहानमोठे चित्रपट त्यांनी केले. हाती राहिले फार थोडे. १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी रिळांचे तुकडे जमवण्याचे व्रत घेतले, म्हणून एवढे तरी दिसते. राजा हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे आहे, आणि तेही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेले असावे असे काही अभ्यासक म्हणतात. कालिया मर्दन बऱ्यापैकी उरला आहे. त्यात बाळकृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची कन्या मंदाकिनी आहे. कृष्ण डोहात उडी घेतो, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा यमुनेच्या काठाकडे वळतो. तेथे गोकुळातली सारी माणसे दाटीवाटीने उभी आहेत, पाण्याकडे टक लावून, एकमेकांचा हात धरून.