जिम कॉर्बेट यांची हलकी रायफल

वाघासारख्या जनावरासाठी जितकी मोठी गोळी तितकी चांगली, असे पुष्कळांना वाटते. जिम कॉर्बेट यांच्या चरित्रात आम्हांला वेगळेच दिसते.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. १९०७ साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ बळी घेतले होते, असे सांगतात. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. तिचे काडतूस म्हणजे १८९२ मधले जर्मन ७ मिलिमीटर माउझर. गोळी बारीक, खांद्याला धक्का कमी, म्हणून नेम हलत नसे. डोंगरात दिवसभर पायी फिरणाऱ्यास ती सोयीची होती. १९२६ साली रुद्रप्रयागजवळ आंब्याच्या झाडावर रात्री बसून त्यांनी १२५ माणसे मारणारा बिबळ्या तिच्या एकाच गोळीने टिपला.

पुढे मात्र त्यांना शिकारीपेक्षा कॅमेऱ्याने वाघ टिपणे अधिक आवडू लागले. १९४७ साली ते केनियास गेले व १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे वारले. भारतातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.

नेम धरावा धीराने, आणि बंदूक खाली ठेवावी वेळीच, एवढे आम्ही व आमच्या मुलांनी त्यांच्याकडून शिकावे.