विश्लेषण : आकृती वाहून गेली, फोटो उरला... कोण होत्या आना मेंदिएता?

मेक्सिकोतील यागुल येथे झापोटेक संस्कृतीचे प्राचीन अवशेष आहेत. १९७३ मध्ये तिथल्या एका उघड्या थडग्यात २४ वर्षांची तरुणी विवस्त्र पडून राहिली. बाजारातून आणलेली पांढरी फुले तिच्या अंगावर रचलेली होती. जणू शरीरातूनच उगवलेली. चेहराही फुलांनी झाकलेला. सोबत आलेले शिक्षक हान्स ब्रेडर यांनी फोटो टिपला. आना मेंदिएता यांच्या ‘सिलुएता’ या गाजलेल्या मालिकेची ही सुरुवात. पण दफनाची आणि उगवण्याची ही कल्पना त्यांच्या डोक्यात आली कुठून?

हवानातून आयोवात...

आना यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९४८ रोजी क्युबाची राजधानी हवाना येथे झाला. फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आल्यानंतर अनेक धास्तावलेल्या पालकांनी मुलांना एकटेच अमेरिकेला धाडले. ‘ऑपरेशन पीटर पॅन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोहिमेत १९६० ते १९६२ दरम्यान १४ हजारांहून अधिक मुले क्युबाबाहेर गेली. १९६१ मध्ये १२ वर्षांच्या आना आणि त्यांची मोठी बहीण त्यात होत्या. समुद्रकाठच्या बेटावरून दोघी आयोवाच्या बर्फात पोहोचल्या. अनाथाश्रम, मग परक्यांची घरे असे दिवस निघाले. आई भेटली ती १९६६ मध्ये. वडील क्युबात राजकीय कैदी होते. त्यांची भेट व्हायला १९७९ उजाडले.

आना आयोवा विद्यापीठात चित्रकला शिकल्या, पण रंग आणि कॅनव्हास त्यांना पुरेना. जी जमीन सुटली तिच्याशी नाते जोडायचे तर साधन म्हणून स्वतःचे शरीरच हवे, इथवर त्या आल्या.

‘सिलुएता’ म्हणजे काय?

सिलुएता म्हणजे छायाकृती. सुरुवातीच्या फोटोंत आना स्वतः दिसतात. १९७६ मध्ये आयोवातील एका ओढ्याकाठी अंगभर चिखल आणि गवत माखून त्या जाडजूड झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. खोड कुठे संपते नि बाई कुठे सुरू होते, हे शोधावे लागते. हळूहळू मात्र त्या चौकटीतून बाहेर पडल्या. उरला तो फक्त त्यांच्या उंचीचा ठसा, कधी गवतात, कधी बर्फात, कधी जळत्या आकृतीत. त्याच वर्षी मेक्सिकोत बांबूच्या सांगाड्यावर फटाके बांधून अशी आकृती पेटवण्यात आली. तिथल्याच किनाऱ्यावर वाळूत खोदलेल्या आकृतीत लाल रंग भरला आणि लाटांनी तो धुऊन नेला. १९८० पर्यंत अशा शंभराहून अधिक आकृती झाल्या.

यातली बहुतेक कामे प्रेक्षकांनी जागेवर पाहिलीच नाहीत. म्हणून कॅमेरा इथे निव्वळ नोंद ठेवणारा नाही. कोणत्या क्षणी, कोणत्या कोनातून टिपायचे हा निर्णय कलाकृतीचाच भाग होता. आना ३५ मिमीची रंगीत स्लाइड फिल्म आणि ‘सुपर ८’ चित्रफीत वापरत. स्लाइडवर प्रकाशाचा अंदाज चुकला तर नंतर दुरुस्तीला फारसा वाव नसतो, आणि लाट काही पुन्हा तशीच येत नाही.

न्यूयॉर्क आणि पुन्हा क्युबा

१९७८ मध्ये न्यूयॉर्कला आल्यावर त्या ‘ए.आय.आर.’ या महिलांनी चालवलेल्या कलादालनात सामील झाल्या. गोऱ्या स्त्रीवादी वर्तुळात आपल्यासारख्यांना जागा नाही, हे त्यांना खटकत होते. १९८० मध्ये अमेरिकेतील तिसऱ्या जगातील महिला कलावंतांचे प्रदर्शन तिथेच भरले. आना यांच्यासोबत त्याची आखणी करणाऱ्यांत कझुको मियामोतो आणि अलीगढमध्ये जन्मलेल्या झरीना होत्या.

त्याच वर्षी आना तब्बल १९ वर्षांनी क्युबात गेल्या. १९८१ मध्ये हवानाजवळच्या हारुको येथील चुनखडीच्या गुहांत त्यांनी स्त्री आकृती कोरल्या आणि त्यांना मूळनिवासी ताईनो लोकांच्या देवतांची नावे दिली. लाटेने पुसली जाणारी रेघ आता दगडात आली होती. तरीही त्यांनी गुहांचे कृष्णधवल फोटो काढलेच.

मृत्यूचा वाद

८ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कमधील ३४व्या मजल्यावरील घरातून पडून आना यांचा मृत्यू झाला. वय ३६. घरात पती, नामांकित शिल्पकार कार्ल आंद्रे होते. आठच महिन्यांपूर्वी दोघांचे लग्न झाले होते. आंद्रे यांच्यावर खुनाचा खटला चालला. १९८८ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कलाविश्व मात्र दुभंगले ते दुभंगलेच. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आंद्रे यांची शिल्पे मांडली गेली, तेव्हा आना यांचे फोटो घेऊन महिलांनी बाहेर निदर्शने केली.

या वादामुळे आना यांचे नाव अनेकदा फक्त मृत्यूच्या बातमीपुरते उरते, हा त्यांच्या कामावर अन्यायच. त्यांच्या हयातीत मोजक्याच स्लाइड्सचे मोठे फोटो झाले होते. मेक्सिकोतील कामांपैकी १२ रंगीत फोटोंचा संच १९९१ मध्ये छापला गेला. यागुलच्या थडग्यातली पांढरी फुले त्यात आहेत.