राजगुरूचा चेहरा

इंग्लंडमध्ये १९३४ साली हिचकॉकने ‘द मॅन हू न्यू टू मच’ काढला आणि राजकीय हत्येच्या कटाने तिथला प्रेक्षक खुर्चीला खिळला. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्यात प्रभातनेही एका कटाचाच चित्रपट पडद्यावर आणला. तो म्हणजे शांतारामबापूंचा ‘अमृतमंथन’. त्याच्या मराठी आवृत्तीतला कटाचा सूत्रधार, राजगुरू, होते केशवराव दाते.

केशवरावांचा जन्म १८८९ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. महाराष्ट्र नाटक मंडळीत त्यांनी तोंडाला रंग लावला तो स्त्रीभूमिकांसाठी. पुढे पुरुषभूमिका आल्या. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणून रंगभूमीला नवे वळण दिले, त्या मंडळींतही केशवराव होते. अशी मुरलेली नाटकी तालीम घेऊन ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

‘अमृतमंथन’ची कथा ना. ह. आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरची. राजा देवीपुढचे नरबळी आणि पशुबळी बंद करतो. राजगुरूला हा धर्मद्रोह वाटतो. तो एका भक्ताकडून राजाचा खून करवतो आणि मग त्या भक्तालाच दगा देतो. अखेर सत्य उघडे पडते, तेव्हा तो स्वतःचेच मस्तक देवीला वाहतो.

हिंदी आवृत्तीत हीच भूमिका चंद्रमोहन यांनी केली. पडदाभर दिसणाऱ्या त्या डोळ्याची समीक्षकांनी वाहवा केली आणि मुंबईत चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. कौतुकाचा मोठा वाटा तिकडे गेला, हे खरे.

आमचे आजोबा मात्र दात्यांचे. वसईहून गाडीने मुंबईला जाऊन त्यांनी मराठी ‘अमृतमंथन’ पाहिला होता. आमच्या घरी नवसाचे कोंबडे ठरलेले असे. त्या वर्षी आजोबांनी नारळ आणला. आजी चार दिवस बोलली नाही. पण पुढे नारळाचीच रीत पडली. राजगुरू राक्षस असता तर आपण सुटलो असतो, तो आपल्यासारखाच श्रद्धाळू निघाला, असे आजोबा सांगत.

मला वाटते, केशवरावांची थोरवी यातच आहे. १९३७ च्या ‘कुंकू’त तरुण मुलीशी लग्न लावणारे म्हातारे काकासाहेब त्यांनीच उभे केले. ती कथाही आपट्यांचीच. एकाने धर्माच्या, तर दुसऱ्याने रूढीच्या आडून अन्याय केला. दोघेही शेवटी आपला जीव देतात. अशा माणसांचा प्रेक्षकाला नुसता राग येत नाही, कीवही येते.

पुढे ‘शेजारी’तला पाटील, ‘झनक झनक पायल बाजे’मधले नृत्यगुरू अशा कितीतरी भूमिका झाल्या. १९७१ साली केशवराव गेले.

आपल्या मुलांना खलनायक म्हणजे मोठमोठ्याने हसणारा माणूस, एवढेच ठाऊक असते. त्यांना एकदा ‘कुंकू’ दाखवा. अन्याय करणारा माणूस पुष्कळदा घरातलाच असतो आणि आपण योग्यच करतो आहोत अशी त्याची खात्री असते, हे त्यांना वेळीच कळलेले बरे.