पाटावरून खुर्चीवर आणणारा कारखानदार

शहरातल्या फ्लॅटमध्ये दिवाणखाना आणि जेवणघर आता एकाच खोलीत नांदतात. एका कडेला सोफा, दुसऱ्या कडेला सहा खुर्च्यांचे टेबल, मध्ये फार तर एखादा पडदा किंवा शोकेस. आलेल्या पाहुण्यासमोर घरातल्यांनी जेवायला बसणे ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी सातारा-सांगलीकडच्या घराला मानवली नसती. पाहुणा सोप्यावर थांबे, पंगत माजघरात पाटांवर बसे, आणि त्या पंगतीत कोणी बसावे हे जात ठरवी. ही बैठक मोडली ती अनेकांनी आणि हळूहळू. त्यांत लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे नाव सहसा कोणाला आठवत नाही. नांगर आणि पंप म्हटले की मात्र लगेच आठवते.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे लक्ष्मणराव जन्मले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनएक वर्षांतच लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता असणार? त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात ते तरबेज झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले, असे दिसताच त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. पुढे जे लोखंड त्यांच्या हातून आकाराला आले, त्याचे मूळ या रेषेत आहे.

बेळगावात थोरले बंधू रामचंद्रपंत यांच्यासह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, असा प्रवास झाला. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. इतका धीर धरणारा माणूस विरळा. धंद्याचा जम बसतो न बसतो तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास फर्मावले.

त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे सातारा भागातील औंध येथील यमाईदेवीच्या देवळाच्या सभामंडपाचे काम होते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. कारागिरीची त्यांना उत्तम पारख होती. त्यांनी जमवलेल्या चित्र-शिल्पांचे संग्रहालय १९३८ मध्ये औंधला उभे राहिले, ते आजही पाहण्याजोगे आहे. किर्लोस्करांवरचे संकट कळताच त्यांनी संस्थानातील कुंडल रोड स्थानकालगतची माळरानाची जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. रंग न ओळखणारा कारखानदार आणि रंगांत रमणारा राजा, अशी ही जोडी! मंडपाचे ते काम हाती नसते, तर निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली असती का, सांगता येत नाही. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि स्थानकालाही तिचेच नाव आहे.

लक्ष्मणरावांनी तिथे कारखान्याच्या बरोबरीने घरे बांधली, झाडे लावली, रस्ते आखले. अस्पृश्यता वसाहतीत चालू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी पहाऱ्यावर नेमले. माणसाने कोणाशेजारी बसावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी भाषणात दिले नाही, वस्तीच्या रचनेत दिले. ही गोष्ट त्यांच्या यंत्रांपेक्षा कमी महत्त्वाची मानण्याचे कारण नाही.

१९३०च्या दशकातील मंदीने शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्यापाशी पैसा नाही, तर नांगर घेणार कोण? कारखान्याला शेताबाहेरची गिऱ्हाइके हवी होती, आणि किर्लोस्करवाडीत त्या काळात लोखंडी फर्निचर तयार होऊ लागले. लाकडी खुर्चीच्या सांध्यांत ढेकूण घर करत, पावसाळ्यात वाळवी लागे, शिवाय चांगले सागवान महाग. पत्रा आणि नळी वाकवून, जोडून, वर रंगाचा लेप दिलेल्या वस्तूला या व्याधी नव्हत्या. ती वजनाला हलकी असे. सकाळच्या बैठकीतली खुर्ची जेवणाच्या वेळी टेबलापाशी ओढता येई. लहान खोलीला दोन कामे करायला लावायची, तर सामान सरकवता आले पाहिजे, हे आजचे गृहसजावटकारही सांगतात. अर्थात टेबल आले म्हणून पाट लगेच माळ्यावर गेले नाहीत. सणासुदीला, श्राद्धपक्षाला पंगत जमिनीवरच बसे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना लोखंडावर बसून जेवणे रुचत नसे. नांगराच्या वेळचा तोच संशय आता घराच्या उंबरठ्याशी उभा होता.

त्याच आवारातून निघणाऱ्या 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांनी मध्यमवर्गाच्या घरात नव्या राहणीविषयीची चर्चा नेली. १९२० पासून 'किर्लोस्कर' चालवणारे शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे, तेही चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. एका बाजूने विचार आणि दुसऱ्या बाजूने खुर्ची एकाच गावातून बाहेर पडावी, असा योग महाराष्ट्रात पुन्हा क्वचितच आला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.