मेंदूची वीज टिपणारे हान्स बर्गर

आपल्या पहूर-शेंदुर्णीकडील खेड्यांत कोणास फेफरें आलें म्हणजे माणसें भोंवतीं गोळा होतात. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, कोणी पायांतील चप्पल हुंगवितो. आणि दोन-चार मिनिटांत आकडी आपोआप ओसरली कीं सारें श्रेय त्या चपलेस मिळतें. रोग्यास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, आणि पांच मिनिटांत आकडी न थांबल्यास दवाखान्यांत न्यावें, एवढेंच वस्तुतः करावयाचें असतें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील फेफरेकरी मुलाचा बाप आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. मुलगा केव्हां आणि कोठें पडेल हें त्या बापास आधीं कळत नसे, आणि ज्यांच्या घरीं हा रोग आहे त्यांची आजचीहि मुख्य काळजी तीच आहे. ह्या रोगांत मेंदूमध्यें काय घडतें, हें ज्या साधनानें डोळ्यांस दिसूं लागलें, त्या साधनाच्या जनकाचें चरित्र आम्ही येथें देत आहों. तें सर्वस्वीं अनुकरणीय नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

हान्स बर्गर ह्यांचा जन्म ता. २१ मे १८७३ रोजीं जर्मनींतील कोबुर्ग शहराजवळ नॉयझेस ह्या खेड्यांत झाला. वडील डॉक्टर होते. आई ही प्रसिद्ध कवि फ्रीड्रिख रूकर्ट ह्यांची कन्या. रूकर्ट हे संस्कृतादि पौर्वात्य भाषांचे मोठे पंडित असून त्यांनीं नलदमयंतीचें आख्यान जर्मन पद्यांत उतरविलें होतें. नातवाचा ओढा मात्र गणित आणि ज्योतिष ह्यांकडे होता, व त्याच हेतूनें तो येना येथील विद्यापीठांत दाखल झाला.

मध्यंतरीं एक वर्ष सैन्यांत चाकरी करीत असतां एक प्रसंग घडला. व्यूर्ट्सबुर्ग येथें तोफखान्याच्या कवायतीच्या वेळीं बर्गर ह्यांचा घोडा अडखळला आणि ते धांवत येणाऱ्या तोफेच्या गाड्यापुढें पडले. गाड्याचे घोडे अगदीं शेवटच्या क्षणीं आवरले गेले, म्हणून प्राण वांचले. त्याच सायंकाळीं वडिलांची तार आली. बहिणीच्या मनास एकाएकीं भाऊ संकटांत असल्याचें वाटल्यावरून तिनें वडिलांस तार करावयास लाविलें होतें. एका मनाची खबर दुसऱ्या मनास कोणत्या वाटेनें पोंचली, हा प्रश्न ह्या तरुणास जन्मभर पुरला. त्यानें ज्योतिष सोडून वैद्यक धरलें, तें हें कोडें सोडविण्याकरितां. ज्यास आपण योगायोग म्हणून सोडून दिलें असतें त्यापायीं एका मनुष्यानें चाळीसांहून अधिक वर्षें वेंचलीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

इ. स. १८९७ मध्यें ते येना येथील मनोविकारांच्या रुग्णालयांत प्रो. बिन्स्वांगर ह्यांच्या हाताखालीं रुजू झाले, आणि १९१९ मध्यें त्याच संस्थेचे मुख्य झाले. स्वभाव अबोल आणि शिस्त कडक. रोजचा कार्यक्रम घड्याळाबरहुकूम चाले. परंतु दिवसाचें काम आटोपल्यावर हेच गृहस्थ एका लहानशा खोलींत कोणास फारसें न सांगतां प्रयोग करीत बसत. विचार करतांना मेंदूंतील रक्ताचा प्रवाह बदलतो काय, मेंदूची उष्णता वाढते काय, हें त्यांनीं प्रथम मोजून पाहिलें. त्यांतून मनोव्यापाराची शक्ति हातीं लागेना. तेव्हां ते विजेकडे वळले.

सशांच्या व माकडांच्या मेंदूंत वीज खेळते, हें लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन ह्यांनीं १८७५ सालींच दाखविलें होतें. मनुष्याच्या बाबतींत मात्र कवटीची भिंत आड येत होती. ता. ६ जुलै १९२४ रोजीं एका १७ वर्षांच्या मुलावर बर्गर ह्यांनीं प्रयोग केला. पूर्वींच्या शस्त्रक्रियेंत त्याच्या कवटीचा कांहीं भाग काढलेला असल्यामुळें त्या जागीं मेंदूवर केवळ कातड्याचें आवरण होतें. तेथें तारा लावून त्या सूक्ष्म विद्युन्मापकास जोडतांच कांटा किंचित् हालूं लागला. हा विद्युद्दाब किती अल्प असतो म्हणाल, तर विजेरींतील एका सेलाचा दाब दीड व्होल्ट असतो, आणि मेंदूच्या लाटा एका व्होल्टाच्या लक्षांश भागांत मोजाव्या लागतात.

ह्या शोधाची द्वाही त्यांनीं लगेच फिरविली नाहीं. हा हृदयाचा प्रवाह नसेल ना? स्नायूंचा, किंवा डोक्याच्या कातड्यांतील रक्ताचा नसेल ना? पांच वर्षें हे आक्षेप ते स्वतःच घेत आणि स्वतःच तपाशीत. धडधाकट माणसाचा आलेख हवा म्हणून आपला मुलगा क्लाउस ह्यासच बसवून त्यांनीं पुष्कळदां आलेख काढले. अखेर १९२९ मध्यें पहिला निबंध प्रसिद्ध झाला. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूंत सेकंदास सुमारें १० लाटा उठतात आणि डोळे उघडतांच त्या मावळतात, हें त्यांनीं दाखविलें. ह्या लाटांस त्यांनीं आल्फा व त्याहून शीघ्र लाटांस बीटा हीं नांवें दिलीं. सर्व आलेखास त्यांनीं दिलेल्या नांवाचेंच ई. ई. जी. हें संक्षिप्त रूप आज दवाखान्यांतून रूढ आहे. प्रथम फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९३४ मध्यें केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज ह्यांनीं तोच प्रयोग करून पाहिला आणि बर्गर खरे ठरले. एड्रियन हे १९३२ चे नोबेल पारितोषिकाचे मानकरी असल्यामुळें त्यांच्या साक्षीस वजन होतें.

फेफऱ्याच्या रोग्यांचेहि आलेख बर्गर ह्यांनीं घेतले होते. पुढें १९३५ मध्यें बोस्टन येथें गिब्स, डेव्हिस आणि लेनॉक्स ह्यांनीं दाखविलें कीं, मूल क्षणभर शून्य दृष्टीनें पाहात राहातें त्या सौम्य प्रकारांत सेकंदास सुमारें ३ वेळां एक टोंक व एक लाट अशी जोडी उमटते. भूतबाधा, दैवी कोप, पूर्वजन्मींचें पाप हे सारे तर्क बाजूस सारून रोगाची खूण कागदावर उमटली. मेंदूंतील असंख्य पेशी एकदमच उसळतात आणि त्या वादळांत शरीर सांपडतें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगतांना लेखणी जड होते. ता. १४ जुलै १९३३ रोजीं हिटलरच्या सरकारनें कायदा केला कीं, ज्यांचा रोग आनुवंशिक ठरेल त्यांस बळजबरीनें शस्त्रक्रिया करून अपत्यहीन करावें. आणि त्या रोगांच्या यादींत फेफरें होतें. त्या राजवटींत सुमारें ४ लक्ष माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. निर्णयासाठीं जीं न्यायालयें स्थापन झालीं त्यांपैकीं येना येथील वरिष्ठ न्यायालयांत प्रो. बर्गर बसत. बर्गर हे नाझींना नकोसे होते आणि १९३८ मध्यें त्यांस बळेंच निवृत्त केलें गेलें, असें जुन्या चरित्रकारांनीं पुष्कळ वर्षें लिहिलें. मागाहून कागदपत्र उजेडांत आले, तेव्हां तें टिकलें नाहीं. ते ६५ व्या वर्षीं रीतसर निवृत्त झाले होते, आणि एस. एस. ह्या नाझी संघटनेचे वर्गणीदार सहायकहि होते. एका घुऱ्यांत मेंदूची काय अवस्था होते हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक होतें? तरीहि ते त्या आसनावर बसले. परक्या देशाचा दोष म्हणून आपणांस हें झटकून टाकतां येत नाहीं. आपल्याकडेहि १९७६ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्यांत फेफऱ्याचे वारंवार झटके ही विवाहास अडसर ठरणारी गोष्ट म्हणून घातली गेली, आणि ती १९९९ मध्यें काढण्यांत आली. कायद्यांतून ती गेली, तरी स्थळें पाहतांना ती अजून दबक्या आवाजांत विचारली जाते.

बर्गर ह्यांचे अखेरचे दिवस आजारांत व घोर खिन्नतेंत गेले. ता. १ जून १९४१ रोजीं त्यांनीं स्वतःच आपल्या जीवनाचा अंत केला. बहिणीच्या तारेचें कोडें त्यांस सुटलें नाहीं.

त्यांच्या साधनाचा वंश मात्र वाढत गेला. १९८८ मध्यें अमेरिकेंत प्रथमच एका रोग्याच्या छातीच्या कातड्याखालीं लहानसें यंत्र बसवून मानेंतील एका मज्जातंतूस ठराविक वेळानें विजेचे सूक्ष्म झटके देण्यांत आले. १९९७ मध्यें ह्या उपचारास तेथें मान्यता मिळाली. २०१३ मध्यें मान्य झालेलें दुसरें यंत्र कवटींत बसतें, मेंदूच्या लाटा सतत वाचतें आणि वादळाची चाहूल लागतांच तेथेंच प्रतिप्रवाह सोडतें. हीं साधनें महाग असून ज्यांस औषधांनीं गुण येत नाहीं अशांसाठींच आहेत. बहुतेकांस रोजची गोळी न चुकवितां घेणें पुरतें.

आधीं कळण्याचा जो प्रश्न त्या बापास होता, त्यावरहि २०१३ मध्यें मेलबर्नहून एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. १५ रोग्यांच्या मेंदूवर तारा ठेवून त्यांच्याजवळ एक हातांत मावेल असें उपकरण दिलें होतें. घुऱ्याचा संभव अधिक असेल तर तांबडा दिवा, मध्यम असेल तर पांढरा, आणि कमी असेल तर निळा. सर्वांस तें सारखें लागू पडलें नाहीं, आणि तें यंत्र पुढें बाजारांतहि आलें नाहीं. परंतु कांहीं जणांच्या बाबतींत बहुतेक घुऱ्यांपूर्वीं तांबडा दिवा लागला होता.